अठ्ठ्याण्णव टक्के

रात्री दोनला फोन थरथरला
तेव्हाच कळलं, माळ्यावर काहीतरी अडलंय.
स्कूटी काढली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
त्या वेळी फक्त कुत्री असतात
आणि चपड्याचा वास.

रियाज किल्ली फळीच्या फटीत ठेवतो.
खाली त्याचा कारखाना, वाळत टांगलेले भोपळे,
वर लाकडी जिन्याने आमचा सर्व्हर:
एक जुनं डबडं, दोन डिस्क, एक इन्व्हर्टर
आणि दोनशे त्रेसष्ट माणसांचं बोलणं.

वर्षाला तीनशे रुपये वर्गणी.
हिशेब तासगावचे बेदाणेवाले कोष्टीअण्णा ठेवतात,
वहीतच, स्प्रेडशीटवर त्यांचा विश्वास नाही.
बाकीचं मी बघते.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली
"होल्ड करा, लाइन लावते" म्हणत.
अजून तेच चाललंय.

लॉग उघडला.
रांगेत एक्केचाळीस हजार निरोप तुंबलेले.
कवठे महांकाळच्या मास्तरांचं "शुभ सकाळ"
मंगळवारी निघालेलं, अजून दारातच.
डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के.
चूक कुणाचीच नव्हती. जागा नव्हती.

आमचं असं असतं, घर आपलं आपलं,
पण शेजाऱ्याशी बोलायचं तर
त्याच्या प्रत्येक चित्राची एक प्रत
आपल्याकडे येऊन पडते.
जर्मनीतल्या कुणाची मांजर, ब्राझीलमधला पाव,
सगळं मिरजेत, माळ्यावर.
उपाय सोपा. एकच आज्ञा:
महिन्यापूर्वीचं परकं सगळं पुसून टाक.
लागलंच कुणाला तर पुन्हा आणता येतं
मूळ घरून.
आजवर चालढकल केली होती. आज टाइप केली.

एंटर दाबण्याआधी दुसरी यादी वाचली,
हाक मारूनही दार न उघडणाऱ्यांची.
सगळ्यात वर: आष्टा.

भूपाल मगदूम. एकटाच चालवायचा,
अकरा जणांसाठी, पोल्ट्रीच्या ऑफिसातून.
आम्ही कधी भेटलो नाही.
आमचं सर्टिफिकेट संपलं तेव्हा पहाटे त्यानेच कळवलं,
"ताई, तुमच्या दाराचं कुलूप शिळं झालंय."
एका शिवराळ सर्व्हरशी संबंध तोडायचे का
यावरून तीन आठवडे भांडलोही.
रोज सकाळी तो विहिरीचा फोटो टाकायचा,
खाली, आज किती पायऱ्या दिसतात.
बावीस. बावीस. एकवीस.
एवढंच.

बेंदराच्या आठवड्यात तो गेला.
मशीन भावाने भंगारात दिलं, त्याला काय माहीत.
आमची रांग मात्र अजून त्याच्या दारावर टकटक करते,
मिनिटाने, मग तासाने, मग दिवसाने,
दर वेळी जरा जास्त थांबून,
सभ्य माणसासारखी.

मूळ घरच नाही.
म्हणजे इथून पुसलं की पुसलं.

शोधून काढले. नऊशे चौदा फोटो,
सगळे मिळून दीडशे एमबी,
कुणाच्या साखरपुड्याच्या व्हिडिओहूनही कमी.
वेगळ्या फोल्डरमध्ये हलवले. नाव सुचेना,
"विहीर" दिलं.
मग एंटर.

मांजर गेली, पाव गेला.
टक्के उतरले: नव्वद, सत्तर, एक्केचाळीस.
रांग हलली.
मास्तरांचं मंगळवारचं शुभ सकाळ
शुक्रवारी पहाटे साडेतीनला जगभर पोहोचलं.

एक काम उरलं.
दार "बंद" नोंदवलं की टकटक थांबते.
एक्स्चेंजमध्ये अशा वेळी रजिस्टरात लिहायचो,
"रिंग जाते, कोणी उचलत नाही."
इथे तर रिंगही जात नव्हती.
नोंदवलं.
पंख्याचा आवाज थोडा खाली आला,
किंवा मला तसं वाटलं.

सकाळी पहिला निरोप कोष्टीअण्णांचा:
ती जर्मन मांजर दिसेना झालीय,
वर्गणी कशाची घेता?

थांबा अण्णा, लिहिलं, आणते परत.
तिचं घर आहे अजून.